रात्री दोनला ग्रुपवर ‘जागे आहात का?’ आलं तर : या चुका टाळा

तोफखान्यातून हवालदार म्हणून रिटायर झालो आणि देवळालीतच राहिलो. लढाईच्या आठवणींनी झोप उडालेल्यांना आधार म्हणून नाशिक, सिन्नर, निफाडकडच्या माजी सैनिकांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आणि रविवार रात्रीचा व्हिडिओ कॉल आम्ही चौघं सांभाळतो. डॉक्टर आमच्यात कुणी नाही. खालच्या बहुतेक चुका आमच्याच हातून झाल्यात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे “बोलून टाक, मोकळा हो” असं म्हणत मागे लागणं. सिन्नरकडचा एक नाईक कॉलवर सोबतच्या जवानाच्या मरणाबद्दल सांगायला लागला. कुणीतरी विचारलं, “मग पुढे?” त्यानं सगळं सांगितलं, अगदी वासासकट. त्या रात्री ऐकणारे तिघं झोपले नाहीत आणि सकाळी त्यानं ग्रुप सोडला. घटनेनंतर लगेच माणसाला बसवून सगळं वदवून घेऊ नका, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. आता आम्ही आजचं विचारतो. झोप किती झाली? जेवलास का? तो आपणहून बोलला तर ऐकतो, खोदत नाही.

बोलता बोलता एखाद्याची नजर हरवते, श्वास वाढतो, तो मनानं पुन्हा त्या जुन्या प्रसंगातच पोचलेला असतो. तेव्हा “शांत हो” म्हणून उपयोग नाही. त्याला नावानं हाक मारा, पाय जमिनीला घट्ट टेकवायला सांगा, खोलीत दिसणाऱ्या पाच वस्तू विचारा. “पंखा... कॅलेंडर... नातवाची सायकल...” सायकलपर्यंत आला की आवाज बदलतो.

दुसरी चूक फॉरवर्डची. मे 2025 मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत ग्रुपवर स्फोटांच्या व्हिडिओंचा पूर आला. जय हिंद लिहून पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच, पण बघणाऱ्याच्या छातीत धडधड. तेव्हापासून व्हिडिओ बंद. प्रत्येकाच्या फोनमध्ये सेटिंग्जमधून मीडिया ऑटो-डाउनलोडही बंद करून दिलं.

“फौजी असून घाबरतोस?” हे तर तोंडातून काढूच नका. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत गोरे सैनिक इथल्या छावणीत महिनोन्‌महिने पडून असत. त्यांच्यामुळेच डोकं फिरलेल्याला इंग्रजीत ‘डुलॅली’ म्हणतात, तो शब्द आमच्या देवळालीचा. म्हणजे गावाच्या नावावरच हे दुखणं चिकटलंय. लढाईसारख्या भयानक प्रसंगानंतर मनावर राहणाऱ्या आघाताला अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी 1980 मध्ये पीटीएसडी हे नाव देऊन आजारांच्या यादीत घेतलं. वाईट स्वप्नं, दचकणं, माणसं टाळणं महिन्याहून जास्त चाललं, तर डॉक्टरकडे पाठवायचं. ग्रुप हा उपचार नव्हे.

“कुणाला सांगणार नाही” असं वचन देऊ नका. जीव धोक्यात असेल तर सांगावंच लागतं, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट करा. शंका आली तर सरळ विचारा, “जीव द्यायचा विचार येतोय का?” विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. पुढचा प्रश्न, जवळ काय आहे? आमच्यातले बरेच जण गनमॅनच्या नोकरीत आहेत, बाकीच्यांच्या घरी द्राक्षबागेवर फवारायची विषारी औषधं. बंदूक, औषध घरच्या माणसाकडून हलवून घ्या, त्याला एकटा सोडू नका, 112 लावा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. हा नंबर ग्रुपच्या वर पिन करून ठेवा.

रात्रभर एकट्यानंच फोन उशाशी घेऊन जागू नका. मी चार महिने तसा जागलो आणि घरच्यांवर खेकसायला लागलो. आता गार्ड ड्यूटीसारखी पाळी लावलीय, रात्री दोन जण. वहिनींसाठी वेगळा ग्रुप आहे, तो त्याच चालवतात. तो आधीच सुरू करायला हवा होता.

आणि कॉलवर कुणी बोलत नाही म्हणून कॉल बंद करू नका. लक्ष्मीपूजनाला आम्ही आठ ते बारा कॉल चालू ठेवतो. बाहेर लडी फुटत असतात. कुणी शेंगा सोलतो, कुणाचा नुसता पंखा दिसतो. साडेअकराला निफाडचे सुभेदार साहेब विचारतात, “कोण कोण आहे रे अजून?” आणि एकेक हात वर होतो.