प्रोग्रॅमचं आउटपुट फाइलमध्ये, आणि एररसुद्धा

कमांडच्या शेवटी > आणि फाइलचं नाव लिहिलं की स्क्रीनवर येणारा मजकूर फाइलमध्ये जातो. विंडोज, लिनक्स, मॅक, सगळीकडे हेच. जुन्या मजकुराखाली भर घालायची असेल तर >> वापरा. एकेरी > फाइल आधी रिकामी करतं, तेही प्रोग्रॅम सुरू होण्यापूर्वीच. म्हणून जी फाइल वाचायची तिच्यातच आउटपुट वळवू नका, हाती कोरी फाइल येईल.

बरेच जण अडतात ते पुढे: फाइल तयार होते, पण एरर मात्र स्क्रीनवरच दिसत राहतात. कारण प्रोग्रॅमला बाहेर पडायला दोन वाटा असतात. नेहमीचं आउटपुट १ क्रमांकाच्या वाटेने जातं, एरर २ क्रमांकाच्या. नुसतं > फक्त पहिली वाट वळवतं. दोन्ही एकाच फाइलमध्ये हवं असेल तर असं लिहा (आकडे मात्र इंग्रजी कीबोर्डवरचेच टाइप करा):

प्रोग्रॅम > नोंद.टेक्स्ट २>&१

इथे क्रम महत्त्वाचा. २>&१ म्हणजे ‘आत्ता पहिली वाट जिकडे जाते तिकडेच दुसरी ने’. ते फाइलच्या नावाआधी लिहिलं तर एरर पुन्हा स्क्रीनवरच. ही चूक लवकर लक्षात येत नाही, कारण कमांड बिनतक्रार चालते.

प्रोग्रॅम चालू असताना फाइल रिकामी दिसली तर घाबरू नका. फाइलमध्ये लिहिताना बरेच प्रोग्रॅम मजकूर साठवून गठ्ठ्याने टाकतात. पायथॉनमध्ये उणे-यू (-u) हा पर्याय दिला की मजकूर लगेच फाइलमध्ये उतरतो.

स्क्रीन आणि फाइल दोन्हीकडे हवं असेल तर लिनक्स-मॅकवर ‘टी’ (tee) ही कमांड आहे, विंडोजच्या पॉवरशेलमध्ये ‘टी-ऑब्जेक्ट’ (Tee-Object).