पेट शॉप बॉईजचं 'स्मॅश' नीट ऐकायचं असेल तर

५५ गाणी, तीन सीडी, १९८५ ते २०२० असा ३५ वर्षांचा पसारा. पेट शॉप बॉईज या ब्रिटिश पॉप जोडीच्या सिंगल्सचा, म्हणजे एकेकट्या बाजारात आलेल्या गाण्यांचा, हा संग्रह 'स्मॅश: द सिंगल्स १९८५–२०२०' जून २०२३ मध्ये आला आणि एवढा मोठा अल्बम समोर आला की होतं काय, माणूस पहिली आठ-दहा गाणी ओळखीची म्हणून मजेत ऐकतो, मग नव्वदच्या मध्यावर कुठेतरी लक्ष उडतं आणि "यांचं जुनंच भारी होतं" असं म्हणून बंद करतो. हे फार वाईट वाटतं मला, कारण यातली काही सगळ्यात सुंदर गाणी त्यानंतरच येतात. म्हणून हा अल्बम कसा ऐकावा ते सविस्तर लिहितोय, आणि हे लिहिताना असं धरलंय की तुम्हाला पेट शॉप बॉईजचं एखाद-दुसरं गाणंच माहितीये.

सगळ्यात आधी शफल बंद करा. गाणी ज्या क्रमाने सिंगल म्हणून बाजारात आली त्याच क्रमाने इथे लावलीयेत, त्यामुळे आवाज कसा बदलत गेला, कुठल्या वर्षी कुठली मशिनं आली, लिहिणाऱ्याचं वय कसं वाढलं हे सगळं आपोआप कळत जातं. शफल केलं की ५५ सुटी गाणी उरतात आणि मग काही गाणी उगाच फिकी वाटतात.

दुसरं म्हणजे ही दोन माणसं कोण ते थोडं माहीत करून घ्या, फार नको. नील टेनंट गातो आणि शब्द लिहितो, ख्रिस लो कीबोर्डच्या मागे टोपी-गॉगल घालून स्थिर उभा असतो. ऑगस्ट १९८१ मध्ये लंडनच्या किंग्ज रोडवर एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात दोघं भेटले. लो आर्किटेक्चर शिकत होता. टेनंट पुढे 'स्मॅश हिट्स' या पॉप मासिकात असिस्टंट एडिटर झाला, म्हणजे स्वतः स्टार व्हायच्या आधी हा माणूस दुसऱ्यांच्या सिंगल्सबद्दल लिहीत होता, तीन-चार मिनिटांच्या गाण्यात काय चालतं आणि काय पडतं ते रोज बघत होता. माझ्या मते या अल्बमची किल्लीच ही आहे. बऱ्याच बँडचा ग्रेटेस्ट हिट्स म्हणजे घाईत असलेल्यांसाठी काढलेला सारांश असतो, या दोघांनी मात्र सिंगल हाच मुख्य प्रकार मानून काम केलंय, त्यामुळे त्यांचं खरं काम तुम्हाला इथेच भेटतं.

ऐकायची पद्धत सोपी आहे. प्रत्येक आवडलेलं गाणं दोनदा ऐका, एकदा लोसाठी आणि एकदा टेनंटसाठी. पहिल्या वेळी शब्दांकडे लक्षच देऊ नका, बेस कुठे चाललाय, ड्रम मशिन काय करतंय, मागे सिंथवर (सिंथेसायझरवर) स्ट्रिंग्ज, म्हणजे व्हायोलिनसारखे सूर, कधी येतात एवढंच. दुसऱ्या वेळी फक्त शब्द. बहुतेक वेळा असं सापडेल की खाली नाचायचं म्युझिक चालू आहे आणि वर एक माणूस शांत, कोरड्या आवाजात काहीतरी दुखरं सांगतोय, गळा न काढता. हे एकदा कानाला कळलं की पुढचा प्रवास सोपा. हेडफोन असेल तर उत्तम, फोनच्या स्पीकरवर बेस जातो आणि बेस गेला की अर्धं गाणं गेलं.

एका बैठकीत सगळं संपवू नका, साडेतीन तासांच्या वर मामला आहे. चार बैठका करा.

पहिली बैठक १९८५ ते १९८८. सुरुवात 'वेस्ट एंड गर्ल्स'ने. हे गाणं आधी १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रोड्युसर बॉबी ऑर्लंडोबरोबर केलं होतं, ते फारसं चाललं नाही, मग प्रोड्युसर स्टीफन हेगबरोबर पुन्हा रेकॉर्ड केलं, आणि ते जानेवारी १९८६ मध्ये ब्रिटनमध्ये आणि मे मध्ये अमेरिकेत एक नंबरला गेलं. अल्बमवर आहे ते हे दुसरं. सुरुवातीचे रस्त्यावरचे आवाज नीट ऐका, मग हळूच चढणाऱ्या स्ट्रिंग्ज, आणि मग तो बेस. टेनंट यात जवळजवळ बोलतोच, ग्रँडमास्टर फ्लॅशच्या 'द मेसेज' या रॅप गाण्याचा परिणाम आणि एलियटच्या 'द वेस्ट लँड' या कवितेसारखे वेगवेगळे आवाज एकमेकांत मिसळणं हे दोन्ही त्यात आहे. पुढे 'इट्स अ सिन' येईल तेव्हा आवाज वाढवा. कॅथलिक शाळेतल्या पोराच्या मनात भरलेली पापाची भीती, आणि म्युझिक इतकं अवाढव्य की चर्चचं छप्पर उडेल, शेवटी तर टेनंट लॅटिनमधली कबुलीची प्रार्थनाच म्हणतो. १९८७ मध्येच डस्टी स्प्रिंगफील्डबरोबरचं गाणं आलं, 'व्हॉट हॅव आय डन टू डिझर्व्ह धिस?', ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे दोन नंबर. डस्टी साठच्या दशकातली मोठी गायिका, मधली बरीच वर्षं मागे पडलेली, आणि तिचा आवाज गाण्यात शिरतो तो क्षण मला या अख्ख्या अल्बममध्ये सगळ्यात जास्त आवडतो. त्याच वर्षी एल्व्हिसने गाऊन गाजवलेलं 'ऑल्वेज ऑन माय माइंड' यांनी डिस्को केलं आणि ते ब्रिटनमध्ये ख्रिसमसला एक नंबरवर होतं. १९८८ च्या 'हार्ट'नंतर पुन्हा एक नंबर मिळाला नाही. टेनंटने या काळाला इम्पीरियल फेज म्हटलंय, म्हणजे हात लावाल ते सोनं असा काळ. 'डॉमिनो डान्सिंग' चार्टवर नवव्या नंबरला आलं तेव्हाच त्याला वाटलं होतं की हे संपलं. पण तुम्ही इथे थांबू नका, हिट्स कमी झाले म्हणून गाणी खालावली असं अजिबात नाही.

दुसरी बैठक १९८८ ते १९९४, आणि ही माझ्या मते सगळ्यात श्रीमंत. 'लेफ्ट टू माय ओन डिव्हायसेस'मध्ये प्रोड्युसर ट्रेव्हर हॉर्नने पूर्ण ऑर्केस्ट्रा आणून बसवला, एका माणसाचा साधा दिवस, उठणं-चहा-फोन, आणि मागे एवढा थाटमाट. मग १९९० चं 'बीइंग बोअरिंग'. इथे घाई करू नका प्लीज. ब्रिटनमध्ये हे फक्त २० नंबरपर्यंत गेलं, आणि आज चाहत्यांना विचारलं तर कितीतरी जण हेच त्यांचं सर्वोत्तम गाणं म्हणून सांगतील. तीन कडवी, तीन काळ. पहिल्यात जुनी निमंत्रणं आणि फोटो सापडतात, दुसऱ्यात सत्तरच्या दशकात घर सोडून निघालेला तरुण, तिसऱ्यात नव्वद उजाडलंय आणि बरोबरचे काही जण राहिलेच नाहीत. टेनंटचा जवळचा मित्र एड्सने गेला होता, गाणं त्यातून आलंय, पण शब्दांत कुठेही रोगाचं नाव नाही आणि रडारड नाही. आपण कोण होऊ असं वाटलं होतं, आणि ज्याने ते बघायला हवं होतं तो आता नाही, बस्स एवढंच. म्युझिक म्युनिकमध्ये प्रोड्युसर हॅरॉल्ड फाल्टरमायरबरोबर जुन्या अॅनालॉग सिंथवर केलेलं, त्यामुळे आवाजात एक ऊब आहे जी आधीच्या गाण्यांत नाही, सुरुवातीला तो प्लास्टिकच्या नळीसारखा घुमणारा आवाज येतो तिथपासून ऐका. हे ऐकून झालं की त्याच बैठकीत पुढे १९९३ चं 'गो वेस्ट' येईल. मूळ व्हिलेज पीपल या अमेरिकन डिस्को ग्रुपचं, १९७९ चं, पश्चिमेकडे चला, तिथे आपली माणसं आहेत, मोकळेपण आहे असं आनंदी गाणं. पण मधल्या वर्षांत त्या पिढीतली कितीतरी समलिंगी माणसं एड्सने गेली, आणि या दोघांनी ते पहिल्यांदा गायलं ते १९९२ मध्ये मँचेस्टरच्या हॅसिएंडा क्लबमध्ये, एड्ससाठीच्या मदतीच्या कार्यक्रमात. हे माहीत असेल तर पुरुषांचा तो कोरस वेगळाच लागतो. स्टेडियममध्ये लोक याच चालीवर घोषणा देतात, छान वाटतं, पण एकदा 'बीइंग बोअरिंग'च्या पाठोपाठ ऐकून बघाच.

तिसरी बैठक १९९६ ते २००६. लोक गळतात ते इथे, म्हणून या बैठकीला ताज्या मनाने बसा, दुसरीला लागून लगेच नको. 'बायलिंग्वल' या अल्बमच्या काळातल्या गाण्यांत लॅटिन ताल आहेत, 'से आ व्हिदा ए' तर ब्राझीलच्या ओलोदुम या ढोलवाल्या ग्रुपच्या गाण्यावरून केलंय आणि त्यातले ढोल ऐकून उदास राहणं अवघड आहे. २००२ मध्ये गिटार जास्त, सिंथ कमी, 'होम अँड ड्राय' हे फार हळवं गाणं, प्रवासात असलेल्या माणसाची घरी वाट बघणारं, पहिल्यांदा सपाट वाटेल, दुसऱ्यांदा नाही वाटणार. २००६ चं 'आय अॅम विथ स्टुपिड' वरवर प्रेमगीत आहे पण ते टोनी ब्लेअर आणि जॉर्ज बुश यांच्या नात्यावर आहे. एवढं माहीत करून ऐका, बाकी शब्द स्वतःच सांगतील. या टप्प्यातलं एखादं गाणं नाहीच पटलं तर पुढे जा, सगळी ५५ आवडलीच पाहिजेत असं काही नाही.

चौथी बैठक २००९ ते २०२०. 'लव्ह एट्सेटरा' झेनोमेनिया या टीमबरोबर केलेलं, चकचकीत. मग २०१३ पासून प्रोड्युसर स्टुअर्ट प्राइस येतो आणि पुन्हा डान्स फ्लोअर सुरू होतो, 'व्होकल' मोठ्या आवाजात लावा. २०१६ चं 'द पॉप किड्स' सुरुवातीच्या नव्वदीत लंडनला शिकायला आलेल्या आणि पॉपवर जीव टाकणाऱ्या दोन पोरांचं गाणं आहे, साठीतला माणूस हे लिहितोय हे लक्षात ठेवून ऐका. आणि शेवटचं 'आय डोन्ट वॉना', ज्यातल्या लाजाळू मुलाला बाहेरच जायचं नाहीये, नाचायला तर नाहीच. पहिलं गाणं अख्खं शहराच्या रस्त्यावर होतं, शेवटचं घरात. मुद्दाम केलं नसेल, तारखांप्रमाणे लावल्यामुळे झालंय, पण मला फार आवडतं ते.

आता एक महत्त्वाची गोष्ट. इथे सगळ्या सिंगल व्हर्जन्स आहेत, म्हणजे रेडिओसाठी कापलेल्या. काहींना त्याने फरक पडत नाही, काहींना खूप पडतो. 'इंट्रोस्पेक्टिव्ह' या १९८८ च्या अल्बमवर फक्त सहा गाणी आहेत आणि सगळी लांबच लांब, तिथे यांनी उलटंच केलं, आधी लांब व्हर्जन अल्बमवर आणि मग त्यातून छोटं सिंगल. 'लेफ्ट टू माय ओन डिव्हायसेस' तिथे आठ मिनिटांच्या वर आहे आणि तेच खरं. 'बीइंग बोअरिंग'ही 'बिहेवियर' अल्बमवर जवळपास सात मिनिटांचं आहे, लांब व्हर्जनमध्ये सुरुवातीला जो वेळ घेतलाय तो गाण्याला हवाच होता. 'सबर्बिया'चं मात्र सिंगल जास्त चांगलं, कुत्र्यांचं भुंकणं, काचा फुटणं, दंगलीचं वातावरण सगळं त्यात ठासून भरलंय, अल्बमवरचं त्यापुढे मऊ वाटतं. तेव्हा नियम एकच नाही, दोन्ही ऐकून ठरवा.

चार बैठकांनंतर ज्या बैठकीतली गाणी जास्त आवडली तिथला एक पूर्ण अल्बम घ्या. पहिली आवडली तर 'अॅक्च्युअली', दुसरी आवडली तर 'बिहेवियर' आणि नंतर 'व्हेरी', चौथी आवडली तर 'इलेक्ट्रिक'. तिसरीसाठी मी 'फंडामेंटल' सांगेन.

५५ गाणी फारच वाटत असतील तर जुने संग्रह आहेतच. १९९१ चा 'डिस्कोग्राफी' १८ गाण्यांचा आहे, एका दमात ऐकून होतो, फक्त 'गो वेस्ट' त्यात नाही कारण तोवर ते आलंच नव्हतं. २००३ चा 'पॉपआर्ट' ३५ गाण्यांचा, पण त्यात क्रम तारखेचा नाही, एक डिस्क 'पॉप' आणि एक 'आर्ट' अशी वाटणी केलीये. पार्टीत लावायला तो छान, समजून घ्यायला 'स्मॅश'च.

आणि बी-साइड्स विसरू नका, त्या 'स्मॅश'वर नाहीत. या दोघांनी सिंगलच्या मागच्या बाजूला टाकाऊ माल कधी भरला नाही, 'पॅनिनारो' हे लोच्या आवाजातलं गाणं मुळात 'सबर्बिया'च्या मागे आलं होतं. १९९५ चा 'ऑल्टर्नेटिव्ह' आणि २०१२ चा 'फॉरमॅट' असे बी-साइड्सचे दोन संग्रह आहेत. सुरुवात 'ऑल्टर्नेटिव्ह'ने करा, तोही तारखेच्या क्रमाने आहे, आणि शफल तिथेही बंदच ठेवा.