गिझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह गळत असेल तर कारण कसे शोधावे आणि दुरुस्ती कशी करावी

गिझरच्या खाली, थंड पाण्याच्या तोंडाशी बसवलेल्या पितळी व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकू लागले की बहुतेक घरांत प्लंबरला फोन जातो आणि ‘हे ठिबकणे बंद करून द्या’ असे सांगितले जाते. ते बंद करण्याआधी कधी सुरू होते आणि कधी थांबते, हे पाहणे फार गरजेचे आहे. हा व्हॉल्व्ह काही वेळा आपले काम चोख करत असल्यामुळेच ठिबकतो, काही वेळा आत कचरा किंवा क्षार अडकल्यामुळे, काही वेळा इमारतीच्या लाइनचा दाब वाढल्यामुळे, तर क्वचित थर्मोस्टॅट (ठरावीक तापमानाला वीज तोडणारा भाग) बिघडून टाकीतले पाणी उकळू लागल्यामुळे. बाहेरून चारही वेळा एकच गोष्ट दिसते, पण उपाय वेगवेगळे आहेत आणि एका कारणाचा उपाय दुसऱ्या कारणावर केला तर तो जिवावर बेतू शकतो. पुढील माहिती घरोघरी असणाऱ्या, भिंतीवर टांगलेल्या १५ किंवा २५ लिटरच्या विजेवरील गिझरला धरून दिली आहे.

आधी हा व्हॉल्व्ह तिथे का असतो ते पाहू. पूर्वीच्या तांब्याच्या बंबाला वरून पाणी ओतण्यासाठी उघडे तोंड असे, त्यामुळे पाणी कितीही तापले तरी आत दाब साठण्याचा प्रश्नच नव्हता. गिझरची टाकी मात्र चहूबाजूंनी बंद असते. पाणी तापले की फुगते, आणि ते दाबून लहान करता येत नाही. २० अंश सेल्सिअसचे २५ लिटर पाणी ६० अंशांपर्यंत तापवले तर त्याचे आकारमान सुमारे ३८० मिलिलिटरने वाढते. १५ लिटरच्या टाकीत ही वाढ २३० मिलिलिटरच्या आसपास असते. हे वाढीव पाणी आले त्या वाटेने परत जाऊ शकत नाही, कारण त्याच व्हॉल्व्हमध्ये पाणी उलटे जाऊ न देणारा एक पडदा असतो. नळ बंद असताना मग दाब झपाट्याने वाढतो आणि ठरावीक मर्यादेला पोहोचला की व्हॉल्व्हमधली स्प्रिंग मागे सरकून थोडे पाणी बाहेर सोडते. उलटे पाणी रोखणे, जास्तीचा दाब सोडणे आणि टाकी रिकामी करण्यासाठी वाट देणे अशी कामे एकाच तुकड्यात असल्यामुळे दुकानदार त्याला ‘मल्टी-फंक्शन व्हॉल्व्ह’ म्हणतात.

म्हणूनच एक गोष्ट कोणत्याही परिस्थितीत करू नये : ज्या छिद्रातून किंवा नळीच्या तोंडातून पाणी ठिबकते ते एम-सील लावून, बूच मारून, स्क्रू घट्ट पिळून किंवा नळीला गाठ मारून बंद करू नये. ठिबकणे लगेच थांबते आणि ग्राहक समाधानी होतो, म्हणून काही कारागीर असे करून देतात. पण त्यानंतर थर्मोस्टॅट आणि त्याच्या जोडीचा कट-आउट (पाणी फार तापल्यास वीज तोडणारा दुसरा सुरक्षा-स्विच) दोन्ही निकामी झाले, तर टाकीतला दाब बाहेर पडायला वाट उरत नाही. दाबाखालचे पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही पाणीच राहते. टाकी फाटून दाब एकदम उतरला की त्यातले काही पाणी क्षणात वाफ होते, आणि एक लिटर पाण्याची वाफ दीड हजार लिटरांहून अधिक जागा मागते. गिझरच्या स्फोटामागचे शास्त्र इतके साधे आहे. तुमच्या घरी असे बुजवलेले तोंड आढळले तर गिझरचा एमसीबी (मुख्य बोर्डावरचा वीज तोडणारा स्विच) खाली करा आणि व्हॉल्व्ह बदलेपर्यंत गिझर वापरू नका.

धोक्याची लक्षणे सर्वांत आधी तपासा

व्हॉल्व्हमधून थेंबांऐवजी फवारा किंवा वाफ येत असेल, टाकीतून खदखदल्याचा आवाज येत असेल, किंवा गरम पाण्याचा नळ उघडताच पाण्याबरोबर वाफेचे झटके येत असतील, तर पाणी गरजेपेक्षा फार जास्त तापले आहे. अशा वेळी न्हाणीघरातल्या ओल्या स्विचला हात न लावता मुख्य बोर्डावरून गिझरचा एमसीबी बंद करावा, घरातल्यांना न्हाणीघरातून बाहेर काढावे, गरम पाण्याचा नळ उघडू नये, व्हॉल्व्हला हात लावू नये आणि टाकी काही तास आपोआप थंड होऊ द्यावी. इथे व्हॉल्व्हने आपले काम केले आहे. बिघाड थर्मोस्टॅटमध्ये आहे आणि तो बदलणे हे गिझर दुरुस्त करणाऱ्या जाणकार माणसाचेच काम आहे.

थर्मोस्टॅटबद्दल नुसती शंका असेल तर घड्याळ लावून पाहता येते. २००० वॅटच्या गिझरला २५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला साधारण ३५ ते ४० मिनिटे लागतात, १५ लिटरला २० ते २५ मिनिटे. मधे कोणी पाणी काढलेले नसताना तासाभरानंतरही तापवण्याचा दिवा जळतच असेल, तर थर्मोस्टॅट वेळेवर वीज तोडत नाही असे समजून गिझर बंद ठेवावा.

पाणी नेमके कुठून येते ते ठरवा

पाणी वरून ओघळत खाली येते आणि सर्वांत खालच्या टोकाशी थेंब होऊन पडते, त्यामुळे व्हॉल्व्हच्या टोकाशी दिसलेला थेंब व्हॉल्व्हमधूनच आलेला असतो असे नाही. गिझरची वीज बंद करून सगळे भाग कोरड्या फडक्याने पुसून घ्या. मग व्हॉल्व्ह टाकीला जिथे आट्यांनी जोडलेला असतो तिथे टिश्यू पेपरची एक पट्टी गुंडाळा, दुसरी खालच्या कनेक्शन पाइपच्या नटाभोवती, आणि व्हॉल्व्हच्या तोंडाखाली वाटी धरा. पाच-दहा मिनिटांत पहिली कोणती पट्टी भिजते ते कळते. आट्यांजवळची पट्टी भिजली तर टेफ्लॉन टेप नव्याने गुंडाळून सांधा पुन्हा बसवावा लागेल. नटाजवळची भिजली तर आतला रबरी वॉशर बदलावा लागेल. पाणी गिझरच्या तळाच्या झाकणातून, म्हणजे हीटिंग एलिमेंट बसवलेल्या जागेतून झिरपत असेल तर तिथला गॅस्केट गेलेला असतो किंवा टाकी गंजलेली असते. विजेच्या तारा त्याच झाकणाखाली असल्यामुळे गिझर तत्काळ बंद करून दुरुस्ती करणाऱ्याला बोलवावे.

वेळेवरून कारण ओळखा

पाणी खरोखर व्हॉल्व्हच्या तोंडातूनच येत असेल, तर आता निदानाचा सर्वांत महत्त्वाचा भाग सुरू होतो. सकाळी गिझर लावण्याआधी तोंडाखाली मापाचे भांडे ठेवा, पाणी पूर्ण तापून दिवा बंद होईपर्यंत एकही गरम नळ उघडू नका आणि मग किती पाणी जमले ते मोजा. २५ लिटरच्या गिझरखाली कपभर ते दोन कप पाणी जमले आणि दिवा बंद झाल्यावर ठिबकणे थांबले, तर व्हॉल्व्ह धडधाकट आहे. तुम्हाला फक्त त्याच्या तोंडाला एक नळी लावून ती न्हाणी ट्रॅपपर्यंत आणायची आहे. नळी सतत उताराची असावी, तिला मधे पीळ नसावा आणि तिचे खालचे टोक उघडे, डोळ्यांना दिसेल असे असावे. फॉल्स सीलिंगमध्ये किंवा माळ्यावर गिझर बसवलेल्या फ्लॅटमध्ये ही नळी बहुधा लावलेलीच नसते. छताला ओल आली की मग गळतीचा शोध सुरू होतो.

याउलट, गिझर कित्येक तास बंद आहे, टाकीतले पाणी गार झाले आहे आणि तरी ठिबकणे चालू आहे, तर ते फुगलेल्या पाण्याचे नाही. मग उरतात दोनच कारणे : व्हॉल्व्हच्या बैठकीवर (ज्या कडेवर पडदा टेकून व्हॉल्व्ह मिटतो तिथे) काही अडकले आहे किंवा लाइनचा दाब जास्त आहे.

या दोहोंतला फरक इमारतीवरूनच बराचसा कळतो. गच्चीवरच्या टाकीतून पाणी येत असेल तर दर १० मीटर उंचीमागे सुमारे १ बार (दाब मोजण्याचे एकक) दाब मिळतो. टाकीच्या लगेच खालच्या मजल्यावर, प्रेशर पंप नसताना, हा दाब अर्ध्या बारच्या आसपास असतो आणि घरगुती गिझरचा व्हॉल्व्ह इतक्या दाबाला उघडूच शकत नाही. तिथे गार पाण्यातही थेंब पडत असतील तर कचरा किंवा क्षार हेच कारण धरावे. घरात प्रेशर पंप असेल तर तो बंद करून, एक नळ क्षणभर उघडून साठलेला दाब उतरवावा आणि मग पाहावे. पंप बंद असताना थेंब थांबतात व चालू केल्यावर पुन्हा पडू लागतात, तर दाबाचा संशय पक्का होतो.

वीस मजली इमारतीच्या खालच्या मजल्यांवर मात्र वरच्या टाकीपासून ६० मीटर उंची, म्हणजे जवळपास ६ बार दाब येऊ शकतो. तो कमी करण्यासाठी डक्टमध्ये (इमारतीचे पाइप जातात त्या उभ्या पोकळीत) दाब उतरवणारे व्हॉल्व्ह बसवलेले असतात. त्यांपैकी एक बिघडला की एकाच लाइनवरच्या अनेक घरांत एकाच वेळी गिझर ठिबकू लागतात, फ्लशच्या टाक्या आवाज करू लागतात आणि नळ उघडताच पाणी उसळते. त्यामुळे स्वतःचा व्हॉल्व्ह बदलण्याआधी वरच्या आणि खालच्या शेजाऱ्यांकडे चौकशी करावी. त्यांच्याकडेही हेच चालू असेल, तर सोसायटीच्या प्लंबरकडून डक्टमधला दाब मोजून घेणे हाच खरा इलाज आहे. घरातले व्हॉल्व्ह कितीही बदलले तरी ठिबकणे थांबणार नाही.

कचरा अडकला असेल तर व्हॉल्व्ह धुऊन पाहा

बोअरवेलच्या किंवा टँकरच्या जड पाण्याचे क्षार गरम टाकीत सुटतात, आणि इमारतीची पाण्याची टाकी धुतल्यानंतर किंवा लाइनचे काम झाल्यानंतर वाळूचे कण, गंजाचे पापुद्रे नळीतून येतात. त्यातला एखादा कण रबरी पडदा आणि पितळी बैठक यांच्यामध्ये बसला की व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही. नीट पाहिल्यास तोंडाच्या कडेला पांढरट, खरखरीत थर आणि त्याखाली पितळेवर हिरवट डाग दिसतो.

एमसीबी बंद करून प्लग काढून ठेवा. गरम नळातून गार पाणी येईपर्यंत टाकीतले पाणी जाऊ द्या, कारण पुढच्या कृतीत पाणी हातावर येऊ शकते. मग नळ बंद करा, तोंडाखाली बादली ठेवा आणि व्हॉल्व्हवरची लहान दांडी उचलून चार-पाच सेकंद तशीच धरा. पाणी जोरात बाहेर यायला हवे. दांडी एकदम सोडा, म्हणजे स्प्रिंग झटक्याने मिटेल. असे तीन-चार वेळा करा. आधी गढूळ किंवा पांढरे कण असलेले पाणी येऊन मग ते स्वच्छ झाले आणि ठिबकणे थांबले, तर काम झाले. ज्या व्हॉल्व्हची दांडी वर्षानुवर्षे कोणी हलवलेली नाही तो एकदा उचलल्यावर नीट मिटेलच असे नाही, म्हणून नवा व्हॉल्व्ह मिळू शकेल अशा वेळी, दुकाने उघडी असताना, हे काम हाती घ्यावे. दांडी हलतच नसेल तर पक्कड लावून जोर करू नका. जाम झालेला व्हॉल्व्ह दाबही सोडणार नाही, तो बदलायलाच हवा. तो खोलून स्प्रिंग साफ करण्याच्या फंदात माझ्या मते पडू नये. स्प्रिंगचा ताण जराही बदलला की व्हॉल्व्ह किती दाबाला उघडेल याची खात्री उरत नाही, आणि नवा व्हॉल्व्ह काही शे रुपयांत मिळतो.

व्हॉल्व्ह बदलताना

दुकानात जाताना जुन्या व्हॉल्व्हचा आणि गिझरच्या पाटीचा फोटो घेऊन जा. पाटीवर टाकीचा कमाल दाब मेगापास्कलमध्ये दिलेला असतो, ०.८ म्हणजे ८ बार. नव्या व्हॉल्व्हवरचा आकडा कंपनीने त्या गिझरसाठी सांगितलेलाच हवा. कमी असेल तर तो उगाच ठिबकत राहील आणि जास्त असेल तर टाकीवर ताण आल्यानंतरही उघडणार नाही. ‘जास्त दाबाचा लावा, म्हणजे गळणार नाही’ हा सल्ला कोणीही दिला तरी मानू नये.

वीज बंद करून प्लग काढल्यानंतर गिझरकडे जाणारा थंड पाण्याचा कॉक बंद करा, गरम नळ उघडून दाब उतरवा आणि दांडी उचलून टाकी बादलीत रिकामी होऊ द्या. कनेक्शन पाइपचा नट सोडवा. टाकीची नळी एका पान्याने धरून दुसऱ्या पान्याने व्हॉल्व्ह फिरवा. नळी न धरता जोर लावला तर ती टाकीच्या जोडापाशी पिळली जाते आणि मग नवा गिझरच घ्यावा लागतो. जुनी टेप खरवडून आटे साफ करा, टाकीच्या नळीच्या आट्यांवर नवी टेफ्लॉन टेप आटे आवळण्याच्या दिशेने दहा-बारा वेढे गुंडाळा आणि व्हॉल्व्ह आधी हाताने, मग पान्याने बसवा. त्याच्या अंगावरचा बाण टाकीकडे असायला हवा. व्हॉल्व्ह आणि टाकी यांच्यामध्ये दुसरा कोणताही कॉक बसवू देऊ नका.

आता गरम नळ उघडा ठेवून थंड पाण्याचा कॉक हळूहळू सोडा. नळातून आधी हवा फुरफुरत येईल. एकसारखी धार सुरू झाली म्हणजे टाकी भरली. त्याआधी वीज लावली तर एलिमेंट कोरडे तापून जळते. सांध्यांवर पुन्हा टिश्यू पेपरची पट्टी गुंडाळून पाहा, ती कोरडी राहिली की प्लग लावा आणि पहिल्या तापवण्याच्या वेळी मापाचे भांडे परत खाली ठेवा. थोडे पाणी पडेलच. एक थेंबही पडला नाही आणि उलट थंड नळ उघडताच क्षणभर कोमट पाणी आले, तर उलटे पाणी रोखणारा पडदा नीट मिटलेला नाही. असा व्हॉल्व्ह दुकानदाराकडून लगेच बदलून घ्यावा. यापुढे कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या मुदतीने, आणि जड पाण्याच्या भागात त्याहून थोडे आधीच, गिझर गार असताना दांडी एकदा उचलून सोडावी.