इमर्जन्सीत सोनोग्राफी शिकताना: खर्च कुठे वाचतो आणि कुठे वाढतो

इमर्जन्सी विभागात नवा रेसिडेंट आला की पहिल्या आठवड्यातच त्याचं लक्ष सोनोग्राफी मशीनकडे जातं, आणि ते जायलाच हवं. पण प्रोबवर (अंगावर टेकवायच्या मशीनच्या हातातल्या भागावर) जेल घेण्याआधी आपला प्रश्न एका वाक्यात बोलून दाखवायचा, ही सवय मी प्रत्येकाला लावते. ‘पोटात रक्त साचलंय का?’ ‘हृदयाभोवती पाणी आहे का?’ म्हणजे ज्याचं उत्तर हो किंवा नाही असंच येईल असा प्रश्न. लगेच पुढचं विचारायचं: हो आलं तर काय करणार, आणि नाही आलं तर? दोन्हीकडे पुढचं पाऊल तेच असेल तर तो स्कॅन शिकण्यासाठी जरूर करा, पण त्याने रुग्णाचा वेळ किंवा पैसा वाचला असं समजू नका.

अपघाताच्या रुग्णात हे सगळ्यात स्पष्ट दिसतं. फास्ट (FAST) या अपघातातल्या झटपट सोनोग्राफी तपासणीत चार जागा पाहायच्या: यकृत आणि उजव्या मूत्रपिंडाच्या मधली फट, प्लीहेभोवतीचा भाग, ओटीपोट आणि हृदयाभोवतीची पिशवी. तिच्या विस्तारित प्रकारात, म्हणजे ई-फास्टमध्ये, दोन्ही फुप्फुसंही येतात. रक्तदाब घसरलेला आणि पोटात रक्त दिसतंय, तर सर्जनला तिथल्या तिथे बोलावता येतं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या सोप-१ या चाचणीत सोनोग्राफीच्या गटातले रुग्ण ऑपरेशनपर्यंत ६४ टक्के कमी वेळात पोहोचले. त्यांचे सीटी कमी झाले आणि हॉस्पिटलचं बिल ३५ टक्क्यांनी कमी आलं. सोनोग्राफी सीटीपेक्षा स्वस्त असते, पण तेवढ्याने बिल इतकं उतरत नाही. निर्णय लवकर झाला, गुंतागुंत टळली, रुग्ण कमी दिवस राहिला, म्हणून ते उतरलं.

मात्र फास्ट निगेटिव्ह आली म्हणून कुणाला घरी पाठवू नका. थोडं रक्त असेल तर ते दिसत नाही, पोटाच्या मागच्या बाजूचा रक्तस्राव आणि आतड्याची इजा सहज निसटते. रुग्ण बिघडला तर पुन्हा प्रोब ठेवा. पुन्हा पाहायला काही मिनिटंच लागतात आणि रेडिएशनही नाही.

मुतखड्याचं चित्र वेगळं आहे. १५ इमर्जन्सी विभागांतल्या २७५९ रुग्णांवरचा अभ्यास २०१४ मध्ये आला. सुरुवात सोनोग्राफीने केली म्हणून गंभीर आजार जास्त निसटले नाहीत आणि रेडिएशन कमी झालं. पण इमर्जन्सीच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केलेल्या गटात सुमारे ४१ टक्के रुग्णांना नंतर सीटी लागलाच. म्हणजे यातल्या प्रत्येकाला दोन तपासण्या. कुणाला सीटी लागणार हे आधीच ओळखायला शिकणं इथे महत्त्वाचं.

शॉकमधल्या, म्हणजे रक्तदाब धोकादायक घसरलेल्या, रुग्णांबद्दल तर माझा उत्साह एका अभ्यासाने आवरला. २०१८ च्या शॉक-ईडी चाचणीत अपघाताशिवाय रक्तदाब घसरलेल्या रुग्णांत सोनोग्राफीने ना जगण्याचं प्रमाण बदललं, ना सीटीची संख्या, ना हॉस्पिटलमधला मुक्काम. माझ्या मते यावरून मशीन निरुपयोगी ठरत नाही. प्रश्न न ठरवता सगळ्यांना सरसकट केलेल्या स्कॅनकडून फार अपेक्षा ठेवू नये, इतकंच.

कार्डिअ‍ॅक अरेस्टमध्ये, म्हणजे हृदय बंद पडल्यावर, जास्तीत जास्त शिस्त पाळा. २०१७ च्या एका अभ्यासात सोनोग्राफी केल्यावर नाडी तपासण्यासाठी छाती दाबणं सरासरी २१ सेकंद थांबलं, एरवी ते १३ सेकंद थांबत होतं. मर्यादा १० सेकंदांची आहे! म्हणून दाबणं चालू असतानाच प्रोब जागेवर ठेवा, एकाला मोठ्याने सेकंद मोजायला सांगा, क्लिप रेकॉर्ड करा आणि दाबणं पुन्हा सुरू झाल्यावर ती बघा.

शिकायला सुरुवात फुप्फुसांपासून करा. लिनिअर (सरळ, सपाट तोंडाचा) प्रोब दोन बरगड्यांच्या मध्ये ठेवला की श्वासाबरोबर सरकणारा प्लुरा (फुप्फुसाचं आवरण) लगेच ओळखू येतो, हात बसतो. चित्र धूसर दिसलं तर बहुतेकदा डेप्थ (किती खोलवर पाहायचं) किंवा गेन (चित्राचा उजळपणा) चुकलेला असतो; आधी ते नीट करा. अमेरिकन कॉलेज ऑफ इमर्जन्सी फिजिशियन्सच्या मार्गदर्शनात प्रत्येक प्रकारच्या तपासणीसाठी २५ ते ५० स्कॅन सांगितले आहेत. त्यात नॉर्मल भरपूर हवेत. नॉर्मल पक्कं डोळ्यांत बसल्याशिवाय बिघाड ओळखता येत नाही. प्रत्येक क्लिप जपून ठेवा, नंतर सीटीच्या किंवा ऑपरेशनच्या निष्कर्षाशी ताडून बघा आणि सीनियरकडून तपासून घ्या.

विभागासाठी मशीन मागायची वेळ आली की ‘आधुनिक आहे’ एवढ्यावर प्रशासन हलत नाही. त्यासाठी पहिल्या दिवसापासून नोंद ठेवा: प्रश्न काय होता, उत्तर काय आलं, कुठली तपासणी टळली, कुठली तरीही करावी लागली. शेवटचा रकाना प्रामाणिकपणे भरा. मशीनच्या किमतीबरोबर प्रशिक्षण, क्लिप तपासणाऱ्या सीनियरचा वेळ, प्रोबची स्वच्छता आणि दुरुस्ती हेही मांडा. प्रोब खाली पडून बिघडला तर तो बदलायला मोठा खर्च येतो, तेव्हा वायर गुंडाळून प्रोब होल्डरमध्ये ठेवणं ही ज्याने स्कॅन केला त्याचीच जबाबदारी.