अॅस्पेक्टजेमध्ये कपलिंग मोजायचं तर वीव्हिंगनंतर मोजा

कपलिंग म्हणजे एक क्लास दुसऱ्यांवर किती अवलंबून आहे ते. ते मोजणारं चिदंबर-केमेरर यांचं सीबीओ (1994) हे मापक सोर्समधल्या उल्लेखांवर चालतं. अॅस्पेक्टजे या जावाच्या विस्तारात इथेच फसगत होते. त्यात लॉगिंगसारखं सगळीकडे लागणारं काम वेगळ्या 'अॅस्पेक्ट'मध्ये लिहितात आणि कंपायलर ते क्लासमध्ये विणतो, हेच वीव्हिंग. 'बिल' क्लासमध्ये लॉगिंगचं नावही नसतं, तरी वीव्हिंगनंतर ते तिथे चालतंच. त्यासाठी चेकाटो आणि तोनेल्ला यांची 2004 ची तीन मापकं घ्या: सीएई (एका क्लासवर किती अॅस्पेक्ट चालू शकतात), सीआयएम (अॅस्पेक्ट किती क्लास नावानं घेतो), सीडीए (अॅस्पेक्ट एकूण किती क्लासवर बसतो).

समजा, इंदूरच्या एका शेव-नमकीन दुकानाचं बिलिंग आहे: 9 क्लास आणि लॉगिंग, परवानगी, व्यवहार (ट्रान्झॅक्शन) हे 3 अॅस्पेक्ट.

आधी क्लीन बिल्ड करा. काही बदललं नसेल तर मेव्हन या बिल्ड-साधनाचा प्लगइन कंपाइलच टाळतो आणि यादी रिकामी येते. कंपायलरला शोवीव्हइन्फो हा पर्याय द्या. कोणत्या क्लासच्या कुठल्या ओळीवर कोणत्या अॅस्पेक्टचा अॅडव्हाइस (त्यातला चालणारा कोड) बसला, हे तो ओळीओळीनं छापतो. ते फाइलमध्ये घ्या आणि क्लास-अॅस्पेक्ट अशा जोड्या करून दुबार जोड्या काढून टाका. 'रनटाइम टेस्ट'चा शेरा असलेल्या ओळी गाळू नका. सीएईत अॅडव्हाइस चालण्याची शक्यताही धरतात.

आता मोजणी. लॉगिंगच्या पॉइंटकटमध्ये (अॅडव्हाइस कुठे बसवायचा ते सांगणाऱ्या अटीत) 'बिल' नावानं आहे, बाकी सगळं 'सेव्ह'नं सुरू होणाऱ्या मेथडच्या पॅटर्नवर. म्हणून सीआयएम 1. यादीत लॉगिंगपुढे 6 क्लास दिसले, तर सीडीए 6. फरक 5, म्हणजे नाव न घेता पकडलेले क्लास. हा आकडा मोठा म्हणजे अॅस्पेक्ट वाईट, असं मुळीच नाही. लॉगिंग सर्वसाधारणच असावं. व्यवहारासारख्या नाजूक अॅस्पेक्टमध्ये मात्र तो तपासाच. 'बिल'वर तिन्ही अॅस्पेक्ट बसत असतील तर त्याचं सीएई 3, आणि दुरुस्तीला हात लावण्याआधी तिन्ही वाचणं आलं.

कॉल आणि एक्झिक्युशन पॉइंटकट एकाच तक्त्यात मिसळू नका. कॉलमध्ये अॅडव्हाइस हाक मारणाऱ्या क्लासमध्ये बसतो, एक्झिक्युशनमध्ये मेथड असलेल्या क्लासमध्ये. पॉइंटकटचा एक शब्द बदलला की सीडीए बदलतो, डिझाइन सुधारलेलं नसतानाही.

सगळ्यात चोरटी चूक नाव बदलण्याची. कुणी 'सेव्हबिल'चं 'स्टोअरबिल' केलं तर कोड कंपाइल होतो, फक्त लॉग बंद पडतो. अॅडव्हाइस कुठेच बसला नाही तरच एक्सलिंटचा (कंपायलरच्या तपासणीचा) इशारा येतो. 6 चे 5 झाले तर कंपायलर गप्प. म्हणून जोड्यांची यादी गिटमध्ये ठेवा, दर बिल्डला जुन्या यादीशी ताडा आणि फरक निघाला तर बिल्ड थांबवा.

स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कच्या प्रॉक्सीवर (मध्यस्थ ऑब्जेक्टवर) चालणाऱ्या एओपीला, म्हणजे अॅस्पेक्टवर आधारित प्रोग्रामिंगला, ही रीत लागू नाही, तिथे कंपायलर क्लासमध्ये वीव्हिंग करत नाही.