माटोळीचा फोटो फ्रेममध्ये का बसला नाही: फोटो सुधारताना आणि पाठवताना या चुका टाळा

गेल्या चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, गोव्यातील फोंडा तालुक्यातील आमच्या मूळ घरी मी माटोळीचा, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या फळाफुलांच्या आराशीचा, एक फोटो काढला आणि आरती संपायच्या आत कुटुंबाच्या ग्रुपवर पाठवूनही दिला. दोन महिन्यांनी काकांनी तोच फोटो १८ बाय १२ इंचांच्या फ्रेममध्ये लावण्यासाठी मागितला. तोपर्यंत कॅमेऱ्याचे कार्ड मी फॉरमॅट केले होते, जागा मोकळी करण्याच्या नादात फोनमधील प्रतही पुसली होती, आणि ग्रुपवर गेलेली १६०० बाय १०६६ पिक्सेलची प्रत तेवढी उरली होती. १६०० पिक्सेल १८ इंचांवर पसरले की इंचामागे जेमतेम ८९ पिक्सेल येतात. जवळून पाहायच्या छपाईसाठी इंचामागे ३०० पिक्सेल धरतात आणि भिंतीवरच्या, चार पावले दूरून पाहायच्या चित्राला २०० देखील चालतात. लॅबवाल्याने फाइल उघडून एकच वाक्य ऐकवले, “एवढा मोठा केला तर फुटेल.” मूळ फाइल ६००० बाय ४००० पिक्सेलची होती, म्हणजे ती त्या फ्रेमला आरामात पुरली असती.

पाठवलेली प्रत म्हणजेच आपला फोटो, असे समजणे ही पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक आहे. बहुतेक चॅट ॲप पाठवताना फोटोचे पिक्सेल कमी करतात आणि वर तो अधिक दाबतात. फोनच्या पडद्यावर हे लक्षात येत नाही, कारण पडदाच लहान असतो. छपाईसाठी फोटो द्यायचा असेल तर तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडावा किंवा ड्राइव्हवर ठेवून दुवा द्यावा. कार्ड फॉरमॅट करण्यापूर्वी मूळ फाइल दोन वेगळ्या ठिकाणी आहेत ना, हे स्वतः उघडून पाहावे. नुसती फोल्डरची नावे पाहून समाधान मानू नये.

मूळ फाइलवरच हात चालवणे

जेपीईजी फाइल प्रत्येक वेळी बदल करून जतन केली की ती नव्याने दाबली जाते आणि थोडा तपशील कायमचा जातो. एकदोनदा फरक कळत नाही, मात्र आज उजळ केली, उद्या कापली, परवा पुन्हा उजळ केली, असे होत गेले की आकाशात पायऱ्यापायऱ्यांचे पट्टे आणि कडांभोवती कचरा दिसू लागतो. म्हणून आधी प्रत काढावी आणि सर्व बदल त्या प्रतीवर एकाच बैठकीत करावेत. कॅमेऱ्यात सोय असेल तर रॉ फाइलही, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली न दाबलेली कच्ची नोंद, ठेवावी. जेपीईजीमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ छटा असतात, तर १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. सावलीतला अंधार उजळताना हा फरक उपयोगी पडतो.

रंग बिघडले, पण नेमके कुठे?

माटोळीचेच उदाहरण घेऊ, कारण रंगांच्या बाबतीत तिच्याइतकी कठीण परीक्षा मला दुसरी माहीत नाही. वर हिरवे चिबूड आणि आंबाडे, मध्ये पिवळे तोरिंगण, सुपारीचे घोस, कांगलाची केशरी-लाल फळे. एका बाजूने खिडकीतला पावसाळी निळसर उजेड, डोक्यावर ट्यूबलाइट आणि मखराभोवती पळणाऱ्या रंगीत दिव्यांच्या माळा. इतक्या प्रकारच्या प्रकाशात व्हाइट बॅलन्सची (पांढरे पांढरेच दिसावे म्हणून करायच्या रंगजुळवणीची) एकच किंमत सगळीकडे बरोबर बसू शकत नाही. नंतर ॲपमध्ये ‘उबदार’ची पट्टी सरकवत बसल्यास तोरिंगण सुधारते, परंतु मूर्तीचा चेहरा पिवळा पडतो. उपाय फोटो काढतानाच करायचा आहे: यजमानांना विचारून मिनिटभर माळा बंद कराव्यात, माटोळीखाली पांढरा कागद धरून एक फोटो घ्यावा, आणि नंतर संगणकावर त्या कागदावर ड्रॉपर (रंग उचलण्याचे साधन) टेकवून मिळालेली किंमत बाकी फोटोंना लावावी. भिंतीवर ड्रॉपर टेकवू नये. पांढरी वाटणारी चुन्याची भिंत बहुधा पिवळसर किंवा निळसर असते.

माळा बंद करणे शक्य नसेल तर निदान हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत गडद ते उजळ छटा किती आहेत हे दाखवणारा आलेख, लाल, हिरवा आणि निळा अशा तिन्ही रंगांचा वेगवेगळा पाहावा. एकूण उजेड ठीक दिसत असतानाही लाल रंगाचा आलेख उजव्या कडेला जाऊन चिकटलेला असतो आणि कांगलाच्या फळांचे सपाट लाल ठिपके होतात. तो तपशील जेपीईजीमधून कोणत्याही ॲपने परत येत नाही.

दुसरी तक्रार पावसाळ्यात हमखास ऐकू येते: दिवाडी बेटावरचे शेत फोटोत प्लास्टिकचे वाटते. याचे कारण सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा भडकपणा. श्रावणातील भाताचा हिरवा रंग मुळातच गडद असतो आणि फोनचा कॅमेरा त्यात आपल्या परीने भर घालतो. त्यावर आपणही पट्टी उजवीकडे ढकलली की पात्यापात्यांतला फरकच नाहीसा होतो. फिक्या रंगांवर अधिक आणि गडद रंगांवर कमी परिणाम करणारी ‘व्हायब्रन्स’ची पट्टी वापरावी, आणि या दिवसांत हिरव्याचे सॅच्युरेशन थोडे कमीच करून पाहावे. माझे मत विचाराल तर बहुतेक फोटो तेवढ्याने सुधारतात.

रंगांइतकाच उजेडही जपावा लागतो, आणि जुन्या गोव्यात एकाच चौकात त्याच्या दोन बाजू दिसतात. बाँ जेझूस बासिलिकेचा दर्शनी भाग गिलावा नसलेल्या जांभ्या दगडाचा आहे, तर समोरचे से कॅथेड्रल पांढरेशुभ्र. जांभ्याला धरून उजेड ठरवला की भर दुपारी कॅथेड्रलची भिंत कोऱ्या कागदासारखी होते, म्हणून पांढऱ्याला धरून उजेड ठरवावा आणि सावल्या नंतर उजळाव्यात. जांभा नारिंगी होऊ लागला तर समजावे की पट्टी जास्त सरकली.

कडा, क्षितिज आणि पडदा

आकाशासमोर माडाची झावळी असेल आणि तिच्याभोवती पांढरी रेघ उमटली असेल, तर शार्पनिंग (कडा ठळक करणे) किंवा क्लॅरिटी (मधल्या छटांतला उठाव) अति झाली आहे. अंधारात उमटणारे दाणे (नॉइज) घालवण्याचे काम आधी करावे, मग फोटो हव्या त्या आकाराचा करावा आणि शार्पनिंग सर्वांत शेवटी, १०० टक्के मोठे करून पाहत करावे. मिरामारचा समुद्र एका बाजूला सांडताना दिसत असेल तर क्षितिज सरळ करावे. यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

रात्री डोळ्यांना आराम देणारा पिवळसर पडदा सुरू ठेवून रंग सुधारणारे पुष्कळ असतात, आणि सकाळी त्यांचे फोटो निळे निघतात. लॅबमधून काळपट प्रती येत असतील तर आधी आपल्या पडद्याची चमक तपासावी, कारण पूर्ण चमकेवर उजळ वाटलेला फोटो कागदावर गडदच उतरतो. मोठी प्रत सांगण्यापूर्वी ४ बाय ६ ची एक प्रत काढून ती दिवसाउजेडी पाहावी. दुसऱ्याच्या फोनवर रंग मरगळलेले दिसत असतील, तर फाइल बहुधा ॲडोबी आरजीबी या रंगपद्धतीत जतन झालेली असते; पाठवण्याच्या प्रतीसाठी एसआरजीबी ही सर्वत्र चालणारी पद्धत निवडावी.

फोटोबरोबर आणखी काय जाते?

डॉक्युमेंट म्हणून पाठवलेल्या फाइलमध्ये तारीख, कॅमेरा आणि लोकेशन चालू असल्यास जागेचे नेमके अक्षांश-रेखांशही तसेच जातात. घरातल्या लहान मुलांच्या फोटोंबाबत हे ध्यानात ठेवावेच, पण पक्षी टिपणाऱ्यांनी अधिक जपावे. धनेशाची मादी विणीच्या काळात झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते आणि नर फटीतून तिला भरवतो; ठिकाण फुटून झाडाखाली माणसे जमू लागली की नर यायला बिचकतो. अशा फोटोचे लोकेशन काढूनच तो पाठवावा, आणि गावाचे नावही लिहू नये.

माटोळीच्या त्या फोटोचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. १६०० पिक्सेल ६ इंचांवर बसवले तर इंचामागे २६६ पडतात, म्हणून ६ बाय ४ ची प्रत काढली आणि ती छान आली. काकांची मोठी फ्रेम मात्र ओसरीवर रिकामीच टांगलेली आहे, आणि येत्या चवथीला कागद कोण धरणार हे त्यांनी आताच ठरवून ठेवले आहे.