आईला दिवाळी अंक ऐकवताना

आईला बारीक अक्षर दिसेनासं झालं, तेव्हा दिवाळी अंक ऐकवायला मी फोनवर एक वाचून दाखवणारं अ‍ॅप घेतलं. दुसऱ्याच ओळीला ती म्हणाली, ‘बंद कर गं. हा माणूस मराठी नाही.’ खरंच होतं. ‘चमचा’तला च तो ‘चहा’तल्यासारखा म्हणत होता, ‘बाळ’चं ‘बाल’ करत होता आणि १९९५ आलं की ‘उन्नीस सौ पंचानवे’! देवनागरी दिसताच हिंदी आवाज लागत होता, हे मूळ दुखणं.

मग मी पारखायला एक वाक्य केलं: ‘पाच वाजता ५९ कि.मी. प्रवास करून आजी चिंचेच्या झाडाखाली जेवली.’ यात दोन्ही तऱ्हांचे च आणि ज आहेत, झ आहे, एकोणसाठ आहे, ‘किलोमीटर’ही आहे. नमुन्याचं गुळगुळीत वाक्य ऐकून आवाज निवडू नये. तिथे सगळेच गोड वाटतात.

शेवटी मायक्रोसॉफ्ट एज या ब्राउझरमधला मराठी ‘आरोही’ आवाज घेतला आणि वेग थोडा कमी केला. लांबलचक वाक्यांत मात्र दम घ्यायला स्वल्पविराम मीच घालते. काल आईने अख्खी कथा ऐकली, मधे चहाही विसरली.